स्पोर्ट्स कारमधील पाण्याची गळती आणि त्यातून होणारे विजेचे बिघाड कसे शोधावेत

पुण्यात मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या दोन जोरदार सरी येऊन गेल्या की कापडी छताच्या दोन आसनी गाड्या बाळगणाऱ्यांकडून एकाच तऱ्हेच्या तक्रारी ऐकू येऊ लागतात. रात्री व्यवस्थित बंद केलेली गाडी सकाळी किल्ली ओळखत नाही, जवळ कोणी नसताना अलार्म वाजतो, एका बाजूची काच आपोआप चार बोटे खाली येते, डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. या तक्रारींचा वरकरणी एकमेकींशी संबंध दिसत नाही, म्हणून त्यांच्यावर सुटे सुटे इलाज केले जातात. माझ्या गाडीत एका पावसाळ्यात दोन बॅटऱ्या आणि अलार्मचा भोंगा बदलून झाला. तिसऱ्या बॅटरीची गोष्ट निघाली तेव्हा मी स्वतः डावी सीट काढली. कार्पेटखालच्या खोलगट भागात, जिथे सेंट्रल लॉकिंग आणि इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) सांभाळणारी पेटी बसवलेली होती, तिथे दोन बोटे गढूळ पाणी साचलेले होते. गाडी प्रभात रस्त्यालगतच्या एका गल्लीत गुलमोहराखाली उभी राहत असे, आणि छताचे पाणी वाहून नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी पाकळ्यांचा व धुळीचा लगदा घट्ट बसला होता.

तेव्हापासून मी या कामाचा एक क्रम पाळतो आणि तोच येथे सविस्तर मांडत आहे. त्याचे सूत्र एवढेच की आधी पाण्याचा माग काढावा आणि मगच विजेला हात लावावा. पाणी येत असेपर्यंत बसवलेला प्रत्येक नवा भाग पुढच्या पावसात पुन्हा भिजणार असतो. एक मर्यादाही आधीच सांगतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या आंबिल ओढ्याच्या पुरात किंवा २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा ज्या गाड्या गाळाच्या पाण्यात बुडाल्या, त्यांचे दुखणे निराळे असते. तशा गाडीला किल्ली न लावता ती उचलून न्यावी आणि विमा कंपनीला कळवावे. हा लेख हळूहळू, नकळत आत झिरपणाऱ्या पाण्याविषयी आहे.

बॅटरी सोडवण्यापूर्वी

आत ओल असल्याची शंका आली की किल्ली फिरवून पाहण्याचा मोह टाळावा. ओल्या कनेक्टरला १२ व्होल्टचा पुरवठा चालू राहिला तर धन बाजूचे तांबे विरघळत जाते आणि हिरवट क्षार साचतो. नुसत्या पाण्याने महिनोन् महिने होणार नाही इतके नुकसान विजेच्या सोबतीने काही दिवसांत होते. म्हणून बॅटरीची ऋण तार काढणे हे पहिले काम आहे. मात्र स्पोर्ट्स कारमध्ये त्याआधी तीन गोष्टी कराव्या लागतात.

पहिली गोष्ट दारांच्या काचांची. चौकट नसलेल्या दारात, दार उघडताना काच थोडी खाली उतरते आणि दार लावल्यावर वर जाऊन रबरात बसते. बॅटरी काढल्यावर ही हालचाल बंद पडते आणि ओढून उघडलेल्या दाराची काच रबर फाडते किंवा स्वतः तडकते. त्यामुळे दोन्ही काचा आधीच अर्ध्या खाली घ्याव्यात. दुसरी गोष्ट अशी की काही गाड्यांत बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि त्या डिकीची कळ विजेवर चालते. तशा गाडीत बॅटरी काढल्यानंतर पुढचे झाकण चुकूनही पूर्ण लावू नये. खाचेत कापडाचा बोळा ठेवावा. तिसरी गोष्ट नोंदीची. बॅटरीला चार्जर जोडून, गाडीतील सगळ्या नियंत्रक पेट्यांमधील बिघाडाचे कोड स्कॅनरने वाचून त्यांची प्रत जपून ठेवावी. बाजारात सहज मिळणारा स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड दाखवतो. दारे, एअरबॅग, अलार्म आणि छत यांचे कोड वाचण्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांसाठीचा स्कॅनर लागतो, आणि तो असलेल्या वायरमनला तासाभरासाठी घरी बोलावणे हा खर्च वाया जात नाही. गाडी अगदीच ओली असेल, सीटखाली पाणी डुचमळत असेल, तर ही पायरी सोडून द्यावी आणि थेट बॅटरी काढावी.

सीट काढायची असेल तर बॅटरी सुटल्यानंतर किमान पंधरा मिनिटे थांबावे, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ वीज साठून राहते. तिचे कनेक्टर साधारणपणे पिवळ्या रंगाचे असतात. त्यांना मल्टिमीटर लावू नये, आणि सीटचा कनेक्टर सुटा असताना किल्ली चालू करू नये.

हे पाणी कुठले, हे आधी ठरवावे

गाडीत ओल दिसली की सगळे जण पावसाला दोष देतात, पण ओल चार वाटांनी येते. चालकाच्या किंवा शेजारच्या पायांशी, डॅशबोर्डच्या मधल्या भागालगत, स्वच्छ आणि बिनवासाचे पाणी सापडले आणि ते कोरड्या दिवशी एसी चालवल्यावर वाढत असेल, तर एसीच्या निचऱ्याची नळी तुंबलेली असते. खात्री करणे सोपे आहे. दमट दिवशी एसी वीस मिनिटे चालवावा आणि गाडीखाली पाणी ठिबकते का ते पाहावे. ते बाहेर ठिबकत नसेल तर आत जात आहे. पाणी रंगीत, बोटाला बुळबुळीत आणि गोडसर वासाचे असेल, आणि पुढच्या काचेवर आतून चिकट धुके धरत असेल, तर हीटरच्या कोअरमधून, म्हणजे डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) गळत आहे. अशा वेळी पाऊस, रबर, नळ्या यांचा विचार सोडून कूलंटच्या मागे लागावे. तिसरी वाट धुण्याच्या पाण्याची. सोसायटीत रोज सकाळी बादलीने किंवा पाइपने गाड्या धुतल्या जातात, आणि पावसात कधीही न भिजणारे सांधे खालून मारलेल्या फवाऱ्याने भिजतात. गाडी धुणाऱ्याला आठवडाभर थांबायला सांगितले तर हा प्रश्न सुटतो. या तिन्ही शक्यता निकालात निघाल्या की पावसाचे पाणी उरते, आणि ते बहुधा मातकट असते.

वाळवणे

लोक येथे घाई करतात आणि पुढची सगळी मेहनत फुकट घालवतात. कार्पेट वरून कोरडे लागले तरी त्याखालच्या जाड फोममध्ये कित्येक लिटर पाणी धरलेले असते. हाताने दाबून अंदाज येत नाही. मॅट उचलून, दाराच्या उंबऱ्याची पट्टी काढून, कार्पेटची कड वर करून थेट फोममध्ये बोटे घालावीत. फोम ओला असेल तर सीटा काढून कार्पेट बाहेर घेणे हाच खरा उपाय आहे. पाणी ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर वापरून जमेल तितके पाणी काढावे, फोम कार्पेटपासून सुटा होत असल्यास वेगळा करावा आणि दोन्ही उभे टांगून पंख्याच्या वाऱ्यावर ठेवावे. जुलैत पुण्याची हवा इतकी दमट असते की उघड्या बाल्कनीत आठवडा गेला तरी फोम वाळत नाही. बंद खोलीत एसी किंवा हवेतील ओल शोषणारे यंत्र लावले तर दोन-तीन दिवसांत काम होते. हीट गनचा उपयोग करू नये. फोम आक्रसतो आणि कार्पेटचा आकार बिघडला की ते पुन्हा नीट बसत नाही.

गाडीचा तळ उघडा पडला आहे तोवर त्याचे फोटो काढावेत. पाणी जिथून ओघळत आले तिथे धुळीच्या रेषा आणि गंजाचे पुसट ओहोळ राहतात, आणि तळ पुसल्यावर हा पुरावा जातो.

गळतीचा माग

जिथे ओल आहे तिथे भोक नसते, ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी. आत शिरलेले पाणी पत्र्याच्या सांध्यावरून, तारांच्या जुडग्यावरून, उंबऱ्याच्या पोकळीतून प्रवास करत सर्वांत खोल जागी पोहोचते, आणि ती खोल जागा गाडी कशी उभी आहे यावर ठरते. बाणेर-पाषाणच्या चढावर नाक वर करून उभी राहणारी गाडी मागच्या बाजूला ओली सापडेल आणि तीच गाडी सपाट तळघरात ठेवली तर पायांशी ओली सापडेल. म्हणून चाचणीसाठी गाडी नेहमी जशी उभी राहते त्याच उतारावर आणि त्याच दिशेने उभी करावी.

पाण्याची चाचणी करताना एक माणूस आत टॉर्च घेऊन बसावा आणि दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडावे. पाइपला फवारा लावू नये आणि प्रेशर वॉशर तर अजिबात वापरू नये, कारण त्याच्या जोराने चांगल्या रबरातूनही पाणी आत घुसते आणि खोटी गळती सापडते. पाइपच्या उघड्या तोंडातून संथ धार सोडावी आणि खालून वर जावे. आधी दाराची खालची कड, मग दाराच्या काचेची कड, मग पुढच्या काचेखालचा भाग, मग काचेच्या बाजू आणि शेवटी छत, असा क्रम ठेवावा. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळीकडे जाते आणि कोणत्या जागेतून आत आले हे कळत नाही. प्रत्येक जागेला किमान दहा मिनिटे द्यावीत. काही गळत्या आतली पोकळी भरल्यानंतरच दिसू लागतात आणि घाईने पुढे सरकणारा माणूस पुढच्या जागेला विनाकारण दोषी ठरवतो. आतल्या पत्र्यावर आधी टाल्कम पावडर भुरभुरली तर पाण्याचा पहिला थेंब जिथून गेला तिथे स्पष्ट रेघ उमटते.

गळती फारच बारीक असेल तर आणखी एक युक्ती उपयोगी पडते. कपडे धुण्याच्या बहुतेक पावडरींत पांढरेपणा उजळवणारी द्रव्ये असतात आणि ती अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. बादलीभर पाण्यात चिमूटभर पावडर विरघळवून तेच पाणी संशयित जागी ओतावे आणि अंधारात, नोटा तपासण्याच्या टॉर्चने, आतून पाहावे. या चाचणीच्या वेळी आत पांढरा कागद किंवा टिश्यू ठेवू नये, कारण तोही त्याच प्रकाशात चमकतो.

रबरांसाठी नोटेच्या आकाराचा कागद पुरतो. दाराच्या किंवा काचेच्या रबरात तो धरून दार लावावे आणि कागद ओढावा. सगळीकडे सारखाच जोर लागला पाहिजे, आणि जिथे तो अलगद सुटून येतो तिथे रबर दबलेले आहे किंवा काचेची बैठक बिघडलेली आहे. दुसरी पद्धत अशी की सगळ्या काचा बंद करून, बाहेरची हवा आत घेण्याची सोय चालू ठेवून पंखा पूर्ण वेगाने चालवावा आणि बाहेरून रबरांवर साबणाचे पाणी लावावे. आतली हवा जिथून निसटते तिथे बुडबुडे येतात. दुसऱ्या पद्धतीला वीज लागते, त्यामुळे ती सगळे वाळल्यावर आणि बॅटरी परत जोडल्यावरच करावी.

आता कोणत्या जागा आधी पाहाव्यात ते सांगतो. माझ्या मते पहिला मान निचऱ्याच्या नळ्यांचा आहे. कापडी छताच्या गाडीत छताच्या मागच्या कडेला पाणी गोळा करणारी पन्हळ असते आणि तिच्यातील पाणी दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या आसपास खाली पडते. गुलमोहराच्या पाकळ्या, पर्जन्यवृक्षाची बारीक पाने, पीतमोहराची फुले आणि वर्षभराची धूळ यांचा लगदा या नळ्यांत बसतो, आणि पन्हळ भरली की पाणी सीटांमागे उतरते. बीएमडब्ल्यू झेड फोरच्या पहिल्या पिढीत छत हलवणाऱ्या हायड्रॉलिक पंपाची मोटर अशाच निचऱ्याच्या कप्प्यात बसवलेली आहे. नळी तुंबली की मोटर पाण्यात बुडते आणि छत अर्ध्यावर अडकते. पोर्शा बॉक्सस्टरच्या सुरुवातीच्या पिढ्यांत इमोबिलायझरची पेटी सीटखाली तळालाच आहे. माझदा एमएक्स फाइव्हच्या जुन्या गाड्यांत नळ्यांची तोंडे सीटबेल्टच्या खांबांजवळ आहेत. जागा बदलतात, पण रोग तोच असतो. पक्के छत आणि सनरूफ असलेल्या कूपेत सनरूफच्या चारही कोपऱ्यांतील नळ्या याच कारणाने तुंबतात.

नळी साफ करताना जोरदार हवा मारू नये. आतल्या सांध्यावरून नळी निसटली तर पाणी बाहेर पडण्याऐवजी कायमचे गाडीच्या पोटात पडू लागते आणि ती परत बसवायला अर्धी गाडी खोलावी लागते. गवत कापण्याच्या यंत्रात वापरतात तो दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा दोर घ्यावा, त्याचे टोक मेणबत्तीवर गोल करावे आणि हलक्या हाताने फिरवत आत घालावा. मग अर्धा लिटर पाणी ओतून ते किती वेळात आणि नेमके कुठे खाली पडते हे पाहावे. डावी आणि उजवी बाजू यांच्या वेळेत मोठा फरक असेल तर हळू बाजूत अजून कचरा आहे.

दुसरी जागा पुढच्या काचेखालची, वायपरच्या जाळीखालची. पोर्शा ९११ च्या ९९६ आणि ९९७ या पिढ्यांत बॅटरीच्या दोन्ही बाजूंना या भागाचे निचरे आहेत. तिथे पाने कुजून माती झालेली असते. जाळी काढून ती हाताने उचलावी. पाण्याने धुऊन खाली ढकलू नये.

तिसरी जागा दाराच्या आत असते आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या पोकळीत जाणारच, हे गृहीत धरूनच दार बनवलेले असते. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडते, आणि आतल्या बाजूला येऊ नये म्हणून आवरणाखाली प्लॅस्टिकचा पडदा ब्यूटिल या चिकट रबराने लावलेला असतो. स्पीकर बदलताना किंवा काचेची यंत्रणा दुरुस्त करताना हा पडदा सोलला जातो आणि बरेचदा पुन्हा नीट चिकटवला जात नाही. मग पाणी उंबऱ्यावरून थेट कार्पेटखाली उतरते. पडदा शाबूत असेल तर जुने ब्यूटिल खरवडून नवी ब्यूटिलची दोरी लावावी. ती नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांत विचारल्यास मिळते. सिलिकॉनचा आग्रह धरू नये, कारण पुढच्या वेळी पडदा फाडल्याशिवाय दाराच्या आत हात घालता येणार नाही. खालच्या निचऱ्याच्या भोकांतील मातीही याच वेळी काढावी.

उरलेल्या जागा झटपट तपासून होतात. मागच्या दिव्यांचे गॅस्केट, तिसऱ्या ब्रेकच्या दिव्याची बैठक, अँटेनाचे बूड, डिकीचे रबर, बदललेल्या पुढच्या काचेचे चिकटकाम आणि इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यातील रबरी बुचे या त्या जागा होत. शेवटच्या जागेविषयी एकच सांगतो. डॅशकॅम, हॉर्न किंवा जादा अलार्म बसवणाऱ्याने तार आत आणण्यासाठी बूच टोचलेले असेल, तर तीच तार पाण्याला वाट दाखवते. बाहेरून आत येणाऱ्या प्रत्येक तारेला आत शिरण्यापूर्वी खाली झोल द्यावा, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतो.

विजेकडे वळताना

गळती बंद झाली, दोन चाचण्यांत तळ कोरडा राहिला, की मगच विजेचे काम सुरू करावे. आधी वाचलेले कोड समोर घ्यावेत आणि ते कागदावर तीन रकान्यांत लिहावेत: कोणती पेटी, ती गाडीत कुठे आहे, आणि तिचा पुरवठा व अर्थ (गाडीच्या पत्र्यावाटे बॅटरीच्या ऋण टोकाशी असलेली जोडणी) कुठून येतो. वायरिंगचा नकाशा मिळवणे येथे अत्यावश्यक आहे. बहुतेक वेळा असे दिसते की दहा-बारा कोडांपैकी बरेचसे व्होल्टेज कमी पडल्यामुळे उमटलेले असतात आणि उरलेले एकाच अर्थाकडे किंवा एकाच ओल्या पेटीकडे बोट दाखवतात.

त्या पेटीचा कनेक्टर उघडून दिव्याखाली पाहावे. हिरवा किंवा पांढरा क्षार, काळवंडलेली पिन, ढिली झालेली पकड या तिन्ही गोष्टी शोधाव्यात. कनेक्टर कोरडा असला तरी तारांची टोके दाबून पाहावीत, कारण पाणी तारेच्या आवरणाखालून, तांब्याच्या धाग्यांमधून, केशाकर्षणाने हातभर वर चढते. आवरण थोडे सोलल्यावर तांबे काळे दिसले तर लखलखीत तांबे लागेपर्यंत तार मागे कापावी लागते. काळ्या तांब्यावर दिलेला सांधा टिकत नाही.

क्षार साफ करण्यासाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश वापरावा. बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सचे सामान विकणाऱ्यांकडे दोन्ही वस्तू मिळू शकतात. पेटी उघडून आतला बोर्ड याच पद्धतीने धुवावा, एक दिवस वाळू द्यावा आणि भिंगातून तांब्याच्या रेषा तुटल्या आहेत का ते पाहावे. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवल्याने क्षार जात नाही, त्यामुळे तो वेळ वाया जातो. तुटलेल्या रेषा जोडणे हे मोबाइलचे बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली दुरुस्त करणाऱ्या कुशल कारागिराचे काम आहे. आणि एक विनंती कळकळीने करतो: इमोबिलायझरची जुनी पेटी निकामी वाटली तरी फेकू नये. किल्लीची आणि गाडीची ओळख तिच्यातील मेमरी चिपमध्ये असते. ती चिप वाचता आली तर नवी पेटी जुळवणे सोपे जाते, आणि ती हरवली तर खर्च कित्येक पटींनी वाढतो.

पेटी साफ झाली तरी अर्थ तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. ओलीने सर्वांत आधी कार्पेटखालचे अर्थाचे बोल्ट गंजतात. मल्टिमीटरने नुसता रोध मोजला तर गंजलेला अर्थही चांगला दाखवतो, म्हणून भार चालू ठेवून व्होल्टेज मोजावे. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे पेटीच्या अर्थाच्या पिनला लावावे, काच किंवा दिवे चालू करावेत आणि आकडा पाहावा. तो ०.१ व्होल्टच्या आत असावा. ०.२ च्या वर गेला तर बोल्ट काढून, पत्रा व टोक दोन्ही उघड्या धातूपर्यंत घासून, पुन्हा घट्ट करून वरून गंजरोधक लावावा.

कॅन बस, म्हणजे पेट्यांना एकमेकींशी बोलू देणाऱ्या दोन पिळलेल्या तारा, बॅटरी काढलेली असताना मोजाव्यात. वेगवान कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात आणि ते समांतर असल्याने दोन तारांमध्ये सुमारे ६० ओहम दिसतात. १२० दिसले तर एका टोकाकडची तार तुटली आहे किंवा तिकडची पेटी सुटली आहे. शून्याच्या जवळ दिसले तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत, आणि मग एकेक पेटी सुटी करत आकडा सुधारतो का ते पाहावे. दारे आणि अंतर्गत सोयींसाठी जुन्या काही गाड्यांत संथ गतीचे, निराळ्या रचनेचे कॅन वापरलेले असते आणि त्याला ६० ओहमचा नियम लागू होत नाही, म्हणून नकाशा पाहूनच निष्कर्ष काढावा. या तारा जोडताना त्यांचा पीळ शक्य तितका कायम ठेवावा आणि दोन सांधे शेजारी न आणता मागे-पुढे घ्यावेत. सांध्यावर आतून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. एअरबॅगच्या तारा मात्र घरी जोडू नयेत.

बॅटरी का उतरते

ओल गेल्यानंतरही बॅटरी उतरत असेल तर कुठली तरी पेटी झोपत नाही. गाडी बंद करून कुलूप लावल्यावर सगळ्या पेट्या झोपायला वीस ते पंचेचाळीस मिनिटे लागतात, आणि त्यानंतर एकूण प्रवाह साधारण २० ते ५० मिलिअँपिअर राहावा. ओल्या पेटीमुळे तो ६०० मिलिअँपिअरवर अडकला तर दिवसाला १४.४ अँपिअर-तास जातात. ७० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून चार दिवसांत ५७ हून अधिक निघून जातात आणि पाचव्या दिवशी सकाळी स्टार्टर फिरत नाही. माझ्या गाडीचे हेच झाले होते, आणि दोन्ही बॅटऱ्या मुळात निर्दोष होत्या.

मोजणीसाठी दार उघडे ठेवून त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलावी, म्हणजे गाडीला दार लागले असे वाटते आणि फ्यूजच्या डब्यापर्यंत हात पोहोचतो. काम झाल्यावर कडी पुन्हा मोकळी करायला विसरू नये, नाहीतर दार आपटून कडीचेच नुकसान होते. प्रवाह मोजण्यासाठी मीटर मालिकेत, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक आणि त्याची तार यांच्या मध्ये, जोडलेला असताना किल्लीचे बटण दाबू नये किंवा दिवे लावू नयेत. पेट्या एकदम जाग्या झाल्या की मीटरचा फ्यूज उडतो. त्याहून चांगला मार्ग म्हणजे फ्यूज न काढता प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरील दोन उघड्या टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजणे. जिथे शून्य आहे तिथे प्रवाह नाही. जिथे आकडा दिसतो त्या वाटेवर कोणीतरी जागे आहे. फ्यूज उपटण्याने झोपलेल्या पेट्या जाग्या होतात आणि तपास भरकटतो, म्हणून ती पद्धत मी शेवटी ठेवतो. सापडलेल्या वाटेवरच्या पेट्या नकाशात पाहून एकेक सुटी करावी आणि प्रत्येक वेळी पुन्हा तेवढाच वेळ थांबावे.

परत बसवण्यापूर्वी

सगळे कोड पुसून गाडी तीस-चाळीस किलोमीटर चालवावी आणि पुन्हा वाचावेत. जे कोड परत आले तेच खरे. बाकीचे जुन्या ओलीची आठवण होती. मग कार्पेट न बसवताच, तळावर वर्तमानपत्राचे कागद पसरून, गाडी दोन जोरदार पावसांत नेहमीच्या जागी उभी करावी. शक्य असेल तर एकदा ताम्हिणीच्या बाजूला भर पावसात नेऊन आणावी, कारण पुण्याचा पाऊस वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर असला तरी घाटातला पाऊस त्याच्या कितीतरी पट आहे, आणि उभ्या गाडीत न दिसणारी काचेच्या रबराची गळती वेगाच्या वाऱ्याने उघडी पडते.

कागद कोरडे राहिले की फोम आणि कार्पेट बसवावे, सीटखालची पेटी कंसावर दोन-तीन सेंटिमीटर वर उचलता येत असेल तर उचलावी, आणि कार्पेटच्या चारही कोपऱ्यांखाली कागदाची एकेक घडी तारीख लिहून ठेवावी. दर रविवारी ती काढून चाचपून पाहायला दोन मिनिटे लागतात. नळ्यांत पाणी ओतून पाहण्याचे काम मी वर्षातून दोनदा करतो, एकदा मे अखेरीस, मृग लागण्यापूर्वी, आणि दुसऱ्यांदा गुलमोहराचा बहर ओसरल्यावर, जुलैच्या पहिल्या आठवड्यात. पावसाळ्यात जाड ताडपत्रीसारखे आच्छादन गाडीवर घालत नाही, कारण त्याखाली ओल कोंडते. छप्पर मिळाले तर छपराखाली, नाहीतर उघड्यावर, पण झाडापासून दूर अशी जागा पाहतो.